मला म्हाइंभटांच्या हाताखाली नोकरी हवी

कोणत्या काळात जगायला आवडलं असतं, असं विचारलं की मराठी माणूस विचार करायला थांबत नाही. शिवकाळ. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलेलं असतं. आणि त्या उत्तरात तो स्वतः 6 जून 1674 ला रायगडावर हजर असतो, तेही फार मागे नाही, सगळं नीट दिसेल अशा जागी. 1630 ते 1632 चा दख्खनचा दुष्काळ कुणीच मागून घेत नाही. वास्तविक तोही शिवकाळच. महाराजांचा जन्म 1630 चा. त्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याची बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले. ते घर तुकोबांचं होतं म्हणून आपल्याला कळलं. शेजारच्या घरात कोण गेलं, ते कुणी सांगायचं?

माझ्या भाच्याला पेशवाई हवी आहे. नानासाहेबांच्या वेळचं पुणं, कात्रजहून नळाने आलेलं पाणी, वाड्यावाड्यांतले हौद, पंगती. मी त्याला म्हटलं, तुझं ठीक आहे रे, पण तिथे मला कुठे बसवतोस? पंगतीत तर नाहीच. हौदावर पाणी भरायला? की त्या कुणबिणींत, ज्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवे दप्तरात किमतीसकट आहेत? तो म्हणाला, "मावशी, तू ना, मूड घालवतेस." घालवते खरा. पण हा खेळ खेळायचाच तर तिकीट काढण्याआधी आपली जागा कुठली ते बघायला काय हरकत आहे?

माझी जागा सांगते. मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि सभांची इतिवृत्तं लिहिणं हे माझ्या गळ्यात पडलेलं काम आहे. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक असेल, इतिवृत्तात माणसं बोलत नाहीत. सभागृहात खडाजंगी होते, कुणी टेबलावर हात आपटतो, मागच्या रांगेतून एखादी सभासद बाई उठते आणि असा नेमका प्रश्न विचारते की अध्यक्ष पाणी मागवतात. वहीत उतरतं ते एवढंच: "सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला." खाली सूचक, अनुमोदक. बाई गेली, तिचा प्रश्न गेला, अध्यक्षांनी मागवलेलं पाणीही गेलं. मी एकदा तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं. पुढच्या सभेच्या आत ते पान बदलून घेण्यात आलं. शांतपणे, चहा पाजून.

ही वाक्यं लिहून लिहून मला इतिहास वाचायची एक खोड जडली आहे. कुठलाही काळ समोर आला की त्याच्या लढाया आणि राजे राहतात बाजूला. मी आधी बघते, मागच्या रांगेतल्या बाईचं इथे कुणी काही लिहून ठेवलंय का.

या कसोटीला बहुतेक काळ टिकत नाहीत. सातवाहनांचं बघा. नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. एवढी मोठी बाई बोलते आहे म्हणून आपण कान देऊन ऐकायला जावं, तर काय? अमुक यज्ञ केला, इतक्या गाई दिल्या, इतके हत्ती, इतकी कार्षापण नाणी. वार्षिक अहवालच तो. कार्ल्याच्या लेण्यात त्या मानाने माझ्या ओळखीची माणसं भेटतात. तिथे सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं आहे. त्यांनी दारं केली, दारं दिली. कुणाच्याही मनात भरावी अशी ती दोन नावं आहेत, आणि दोघांचं म्हणणं एकेका ओळीत संपतं. एवढा पैसा लेण्याला दिल्यावर सिंहदत्ताच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, ते मला हवं असतं. दगड महाग असतो, त्यावर तेवढं कोण कोरणार?

एकोणिसावं शतक हा मात्र खरा दावेदार. पुण्यात 1855 साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे स्त्री आणि पुरुष यांची तुलना मांडतात आणि अशी मांडतात की आजही वाचताना आपण खुर्चीत सरळ होऊन बसतो. मागच्या रांगेतली बाई इथे उठून थेट व्यासपीठावर गेली आहे. मग हा काळ का नको? कारण तिथे बोलायला छाती लागते. मुक्ताबाई आणि ताराबाई लढत होत्या. माझा पिंड लढणारीचा नाही, लिहून घेणारीचा आहे. शिवाय त्या काळाचं मला फार पुढचं माहीत आहे: 1876 चा दुष्काळ येणार, 1896 ला प्लेग येणार, आणि सावित्रीबाई त्यातच जाणार. हे पोटात ठेवून त्यांच्या शाळेसमोरून रोज जायचं माझ्याच्याने होणार नाही.

तर माझा काळ तेराव्या शतकातला. देवगिरीला यादव आहेत. महादेवराव गेला आहे, रामदेवराव गादीवर आला आहे, हेमाद्री पंडित सगळा कारभार बघतो आहे आणि त्याच्या व्रतांच्या ग्रंथावरून दिसतं की वर्षातल्या कुठल्याही दिवशी कसला ना कसला उपास काढता येईल अशी सोय त्याने करून ठेवली आहे. नामदेव लहान आहेत, ज्ञानेश्वर 1275 चे, म्हणजे जन्मले असतील-नसतील. आणि गोदावरीच्या काठाने, पैठणच्या आसपास, एक माणूस हिंडतो आहे. मूळचा गुजरातेतला, भडोचचा. बोलतो मराठी. त्याच्याभोवती जमलेल्या माणसांत बायका आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्या गप्प नाहीत.

हा माणूस म्हणजे महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी. त्यांचं नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पारधी मागे लागलेला ससा येऊन त्यांच्या मांडीखाली लपतो, तो धडा आठवत असेल. परीक्षेला "लीळाचरित्र हा मराठीतील आद्य चरित्रग्रंथ" एवढं लिहिलं की गुण मिळत. मीही तेवढंच लिहून पास झाले. पुढे नोकरीला लागल्यावर, इतिवृत्ताच्या वहीला कंटाळलेली असताना ते पुस्तक हाती पडलं आणि मी थक्क झाले. ही तर इतिवृत्तं होती! पण माणसं बोलत असलेली.

त्यात कुठल्या देवळात मुक्काम होता ते आहे. जेवायला काय होतं, कोण रुसलं, कुणाचं दुखलं-खुपलं, वाटेत कोण भेटलं, सगळं आहे. बाइसा आहेत, आउसा आहेत, आबाइसा, उमाइसा, साधें. आणि महदाइसा, ज्यांना आपण मराठीतल्या पहिल्या कवयित्री म्हणतो; स्वामींचे गुरू गोविंदप्रभू, त्यांच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा रुक्मिणी-स्वयंवराचे धवळे त्यांनी गायले. माझं त्यांच्याकडे बघणं जरा वेगळं आहे. त्या बालविधवा होत्या, आणि त्या सारखं विचारत असत. हे कसं, ते का, मग असं झालं तर काय. स्वामी त्यांना म्हातारी म्हणतात आणि कौतुकाने सांगतात की ही जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, हिचं काही ना काही विचारणं चालूच असतं. शेरा नाही, तक्रार नाही, कौतुक! आमच्या सभेत ज्या बाईला "जरा विषयाला धरून बोला" असं सांगून खाली बसवतात, तिचं सातशे वर्षांपूर्वी कुणी कौतुक केलं होतं आणि दुसऱ्या कुणी ते टिपून ठेवलं होतं.

विटाळाबद्दलही स्वामींनी सांगून टाकलं आहे. शरीराला नऊ द्वारं आहेत, नाकाला शेंबूड येतो, कानाला मळ येतो, तसंच हे. त्यात शिवाशिव कसली? माझी आजी मला गोणपाटावर बसवायची, ओसरीच्या कडेला, आणि पाणी वरून ओतायची. आजी वाईट नव्हती. तिच्यापर्यंत हे पोचलंच नव्हतं. आमचं गाव पैठणपासून लांबही नाही. ते वाक्य जिथे बोललं गेलं असेल, तिथून आमच्या ओसरीपर्यंत यायला त्याला सातशे वर्षं पुरली नाहीत.

आता अडचणी. भाच्याने त्या लगेच मोजल्या, पंगतीचा सूडच उगवला म्हणा. मिरची नाही. शेंगदाणा नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मक्याचं कणीस नाही. हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांवर बसून यायला अजून दोन-अडीचशे वर्षं होती. तिखट करायचं ते मिरी, पिंपळी नि आल्याने. चहा तर नाहीच नाही. पण मांडे आहेत, आणि पुरण भरलेल्या पोळीसारखा प्रकार 1130 च्या सुमाराच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात सापडतो, त्यामुळे होळीला काही करता येईल. मिरचीवाचून माझं अडेल हे खरं. तिळाची चटणी मिऱ्याने कितपत भागते, ते मी करून पाहिलं. नाही भागत.

त्याहून मोठी अडचण देवीची. लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती 1802 साली, मुंबईत. तोपर्यंत जगला तो वाचला. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्या पंथाचा आचार. भिक्षा मागायची, जे येईल ते कालवून खायचं, एका गावात रमायचं नाही, आपल्याला कुणी ओळखत नसेल तिथे जाऊन राहायचं, झाडाखाली पडायचं. मला छप्पर लागतं. न्हाणीघर लागतं. देवाधर्माची मला तेवढी ओढही नाही. स्वामींच्या सोबत हिंडणाऱ्या बायकांत माझा निभाव लागला नसता, आणि खरं सांगायचं तर त्या मला त्यांच्यात घेत्याही ना. उठसूट लिहित बसणाऱ्या बाईचा त्यांना काय उपयोग?

म्हणून मी वर्षं जरा पुढची घेते. स्वामींच्या हयातीतली नकोतच. ती वर्षं कुणी मागेल त्याला देऊन टाका.

1274 च्या सुमाराला स्वामी गेले, पंथाच्या शब्दांत सांगायचं तर उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेली माणसं ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या आश्रयाला आली. आज हे गाव अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. आपलं माणूस गेलं की घरात जे होतं तेच तिथे झालं असणार: बसल्या बैठकीला आठवणी. ते असं म्हणाले होते, नाही, तसं नाही, मी तिथेच होते. आठवणी सगळ्यांकडे होत्या. त्या गोळा करायच्या हे सुचलं म्हाइंभटांना. हा सराळ्याचा पंडित माणूस, स्वामींकडे मुळात आला तो वाद घालायला. तो उठला आणि ज्याला ज्याला स्वामी भेटले होते त्याच्याकडे, त्याच्या गावी जाऊन विचारायला लागला. पैठणपासून ऋद्धिपूर सरळ रेषेत धरलं तरी तीनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि आठवणी दोन्हीकडे आणि मधेही विखुरलेल्या. काय घडलं, कुठे घडलं, कोण कोण होतं, स्वामी नेमकं काय म्हणाले. ऐकलेलं लिहायचं आणि स्वामींच्या मागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना दाखवून खात्री करून घ्यायची. 1280 च्या आगेमागे केव्हातरी, ऋद्धिपुरात वाजेश्वरीला बसून, हे सगळं पोथीत उतरलं. तेच लीळाचरित्र.

मला ही वर्षं हवी आहेत. दिवसभर माणसांना विचारत फिरायचं आणि संध्याकाळी ते नीट लिहायचं. याहून चांगली नोकरी मी ऐकलेली नाही.

आणि काम कसलं! एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर पोथ्यांमध्ये दोन्ही ठेवलेल्या दिसतात. एकाची अशी, दुसरीची तशी, आणि कुणाची कुठली तेही. या पाठभेदांना 'वासना' म्हणतात. सर्वानुमते मंजूर, असं कुठे नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आमच्या कार्यालयातली कपाटं आठवली, गठ्ठेच्या गठ्ठे, ज्यांत कुणाचंही कुणाशी कधी दुमत झालेलं नाही. खरं-खोटं ठरवायचा मोह त्या माणसांना झाला नसेल असं नाही. पण आठवण ही सांगणाऱ्याची असते आणि ती परस्पर सुधारायची नसते, एवढी शिस्त त्यांच्यात होती. आमच्याकडे ती शिकवत नाहीत. प्रशिक्षणाला जातो तेव्हा ठरावाचा मसुदा कसा असावा ते शिकवतात.

नागदेवाचार्यांचा एक प्रसंग मला फार आवडतो. पंडित केशवदेव स्वामींचे विचार संस्कृतात लिहायला निघाले. विद्वान माणूस, संस्कृतात लिहिलं तर पंडितांत मान मिळणार. आचार्यांनी अडवलं. नको रे केशवदेवा, म्हणाले, याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. झालं. पंथाची भाषा ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या होत्या. आता त्याच ऋद्धिपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथे आत शिरताना या म्हाताऱ्यांचं काही आहे का, ते जाऊन पाहायला हवं.

एक गोष्ट मात्र आहे, चष्मा. मला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. चष्म्याशिवाय माझ्या हातातलं पान म्हणजे नुसती करडी पट्टी. चष्मा पहिल्यांदा झाला तो इटलीत, 1286 च्या सुमाराला, म्हणजे म्हाइंभटांचं काम चाललं होतं जवळपास त्याच वर्षांत. नुसती चुटपुट! फ्लॉरेन्स-पिसाकडून ऋद्धिपूरला तो माझ्या कामाच्या वेळेत पोचणं शक्य नाही. तेव्हा लिहिण्याची नोकरी माझ्या हातून जवळजवळ गेलीच म्हणायची.

पण या गोष्टीत डोळ्यांवाचून करायचंही एक काम आहे. पुढे 1296 ला अलाउद्दीन देवगिरीवर आला, नंतर मलिक काफूर आला, देश धामधुमीत सापडला आणि त्यात म्हाइंभटांची मूळ पोथी हरवली. इतक्या पायपिटीने जमवलेलं सगळं गेलं. ते परत उभं राहिलं ते पाठांतरावर, आणि त्यातला एक मुख्य पाठ हिराइसांचा. एका बाईच्या डोक्यात ते पुस्तक होतं. पुढच्या पिढ्यांनी ते सांकेतिक लिप्यांत घातलं, सकळ लिपीत नि तिच्यासारख्या आणखी काहींत, आणि मठांतून जपलं. बाहेरच्यांना ते उघडलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वि. का. राजवाड्यांनी ती लिपी सोडवली तेव्हा, आणि छापील लीळाचरित्र लोकांच्या हाती आलं ते 1930 नंतर. म्हणजे माझी आजी लहान असताना महदाइसांचे प्रश्न मठातल्या पोथीत होतेच. फक्त कुलूप घालून.

हिराइसांचं काम मला जमेल का, याचा मी विचार केला. मला माझ्या मुलाचा मोबाईल नंबर पाठ नाही.

तेव्हा म्हाइंभटांनी मला ठेवून घेतलंच तर ते उमेदवार म्हणून, पोतं उचलायला आणि सोबतीला. चालेल. पण पहिल्या आठवड्यातच आमची बाचाबाची होणार, हेही मला दिसतं आहे. लीळांमध्ये भिक्षा येते, अन्न येतं, पाणी येतं. ते घालणारी बाई पुष्कळदा बिननावाची आहे. कुठलीशी एक बाई आली, वाढलं, गेली. तिच्या घरी जाऊन तिला कुणी विचारलं का, तुला तो माणूस कसा वाटला? मी म्हणेन, चला, ते गाव वाटेतच आहे. म्हाइंभट म्हणतील, ती आपल्यातली नाही, तिला स्वामी एका घासापुरते भेटले. मी म्हणेन, मग एका घासापुरतं लिहू. ते विद्वान आहेत, वादाला मला ऐकायचे नाहीत. मग मात्र मी विषय नागदेवाचार्यांकडे नेणार आहे. म्हाताऱ्यांची बाजू घेणारा माणूस तो, तिथे माझं काम होईल असं वाटतं.